‘चाळीस टक्के नाहीत, मग हक्क कसला?’

पत्र थोडक्यात: वाचक ३८ वर्षांच्या आहेत. एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात त्या नऊ वर्षं काम करतात; कंपनीत दीडशेच्या आसपास माणसं आहेत. दोन वर्षांपूर्वी अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या नसांना इजा झाली. दोन ऑपरेशनं झाली, तरी मनगट आणि तीन बोटं पूर्ण सावरली नाहीत. सरकारी रुग्णालयाने ३५ टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दिलं आहे. कामावर परतल्यावर त्यांनी बोलून टायपिंग करण्याची सोय आणि फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोन दिवस उशिरा येण्याची मुभा तोंडी मागितली. साहेब म्हणाले, “हॉलमध्ये तुम्ही बोलत बसलात तर बाकीच्यांनी काम कसं करायचं?” एचआरने सांगितलं, “चाळीस टक्क्यांच्या खाली कायदा लागू होत नाही, आणि तो सरकारी नोकरांसाठी असतो.” यंदा बढतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. महिन्यापूर्वी ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’, म्हणजे पीआयपी, हातात पडला: साठ दिवसांत रोजच्या नोंदींचा आकडा अपघाताआधीच्या पातळीवर आणा. सोबत एक सूचनाही आली, की स्वतःहून राजीनामा दिलात तर दोन महिन्यांचा पगार जास्त देऊ. त्या विचारतात: “सारखं मागायचं म्हणजे भीक मागितल्यासारखं वाटतं. सन्मानाने बाहेर पडू, की कोर्टात जाऊ? आणि माझ्यासाठी खरंच काही कायदा आहे का?”

नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या दोन्हींचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. कायदा आहे, आणि तो तुम्हाला लागू आहे. पण तुम्ही समजता आहात त्या रूपात नाही. एचआर समजतं आहे त्या रूपात तर मुळीच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत आणि तुमच्या एचआरने त्यांची सरमिसळ केली आहे. (अजाणता केली असेल, असं धरून चालू. ही चूक फार ठिकाणी होते.) पहिली व्याख्या ‘दिव्यांग व्यक्ती’ची. शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची दीर्घकाळ टिकणारी उणीव असलेली, आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. या व्याख्येत टक्क्यांचा आकडाच नाही. दुसरी व्याख्या ‘बेंचमार्क’ दिव्यांगत्वाची, जिला मराठीत लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. तिथे प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त लागतात. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा, आयकरातली वजावट अशा लाभांना ही अट आहे. भेदभाव करू नये आणि वाजवी सोय (म्हणजे इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून गरजेपुरता बदल) द्यावी, हे मात्र पहिल्या व्याख्येतल्या प्रत्येकासाठी आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात नेमका हाच मुद्दा निकाली काढला. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडणं. त्याने लेखनिक मागितला. यूपीएससीचं म्हणणं होतं की लक्षणीय दिव्यांगत्व असेल तरच लेखनिक मिळतो. न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या उंबरठ्याला बांधलेला नाही, तो सगळ्या दिव्यांग व्यक्तींचा आहे. तुमचंही दुखणं हाताचंच. एचआरशी पुढच्या वेळी बोलताना या निकालाचं नाव आणि तारीख कागदावर लिहून न्या. आवाज चढवायची गरज पडणार नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवरून काढून घ्या. ४० टक्क्यांच्या खालच्यांना पांढरं कार्ड मिळतं, ४० ते ८० ला पिवळं आणि त्यावर निळं. चाळिसाच्या खालची माणसं कायद्याच्या हिशेबात नसती, तर त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाचं कार्ड कशाला छापलं असतं?

आता ‘सरकारी नोकरांसाठी असतो’ या वाक्याकडे येऊ. इथे एचआर निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं तुम्हाला माहीत असलेलं बरं. कलम २० हे नोकरीतल्या भेदभावाबद्दलचं मुख्य कलम सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकायचं नाही, दर्जा कमी करायचा नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचं जादा, पद तयार करून निवृत्तीपर्यंत किंवा योग्य जागा मिळेपर्यंत सांभाळायचं, ही हमी कलम २०(४) मध्ये आहे आणि ती सरकारी नोकरांना आहे. तुमच्याजागी सरकारी कर्मचारी असता तर हे उत्तर बरंच छोटं झालं असतं. (सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी: तुमच्या कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा, तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची असते, आणि समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.)

खासगी कंपनीवर ही हमी नाही. पण तिच्यावर काहीच नाही असंही नाही. तीन गोष्टी तिला लागू आहेत. एक, कलम ३(३): दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुणाशीही भेदभाव करायचा नाही, करायचा तर तो एखादा रास्त हेतू साधण्यासाठी आवश्यक तेवढाच आहे हे दाखवावं लागतं. दोन, कलम २१: प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात बढती, प्रशिक्षण, विशेष रजा, सहायक उपकरणं आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील हवा. तीन, या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३. तुमच्या दृष्टीने सगळ्यात कामाचा हाच, आणि गंमत अशी की तो वाचलेले एचआरवाले फार थोडे भेटतात. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. कायद्याप्रमाणे कारवाई करायची, नाहीतर आपली कृती रास्त हेतूसाठी प्रमाणशीर कशी आहे ते तक्रारदाराला लेखी कळवायचं. गप्प बसणं ही तिसरी वाट नियमात नाही. त्याच नियमात पुढे आहे, की वाजवी सोयीचा खर्च दिव्यांग व्यक्तीला पूर्ण किंवा अंशतःही भरायला लावता येणार नाही.

‘भीक’ हा शब्द तुम्ही पत्रात दोनदा वापरला आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. कायद्याने ‘भेदभाव’ या शब्दाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणं समाविष्ट केलं आहे. म्हणजे आधी भेदभाव व्हायचा आणि मग उपाय म्हणून सोय मागायची, असा क्रम नाही. नकार हाच भेदभाव. याला एकच मर्यादा आहे: सोयीमुळे मालकावर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेरचा बोजा पडता कामा नये. म्हणून तुमच्या मागणीचा सूर ‘कृपया’ की ‘खबरदार’ याने फारसा फरक पडत नाही. ती किती नेमकी आहे आणि किती स्वस्तात पडते, याने पडतो.

आणि इथे तुमच्या मागणीबद्दलच मला एक शंका आहे. तुम्ही बोलून टायपिंग मागितलंत. पण तुमचं काम अकाउंट्सचं, म्हणजे बहुतेक आकड्यांचं. ईमेल, टिपणं, खुलासे यांना व्हॉइस टायपिंग उत्तम. आकडे एकामागून एक बोलून भरणं मात्र हळू होतं आणि त्यात चुका शिरतात. ‘पंधरा हजार’ बोलल्यावर आकडा उमटेल की अक्षरं, त्याचा भरवसा नसतो. साहेबांनी ती सोय दिली असती आणि महिनाभराने नोंदी तेवढ्याच राहिल्या असत्या, तर ‘बघा, दिलं तरी जमत नाही’ हे वाक्य त्यांच्या हातात गेलं असतं. मागण्याआधी कामाचे तुकडे पाडा. आकडे भरायला वेगळा यूएसबी न्यूमेरिक कीपॅड कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवायचा आणि डाव्या हाताने वापरायचा. सरावाला तीन-चार आठवडे द्या. माउस डावीकडे, बटणांची अदलाबदल विंडोजच्या सेटिंगमध्येच होते. कंट्रोल किंवा शिफ्ट धरून दुसरी कळ दाबताना एक हात अपुरा पडतो, त्यासाठी ‘स्टिकी कीज’ चालू करा. एका हाताने टाइप करायचा ड्व्होराक कीबोर्ड लेआउट, डाव्या हाताचा वेगळा, विंडोजमध्ये आधीपासून असतो. तो शिकायला मात्र महिने लागतात, घाईत नका घेऊ. वारंवार येणारी वर्णनं एक्सेलच्या ऑटोकरेक्टमध्ये दोन-तीन अक्षरांच्या खुणांवर बसवा. यातलं बरंचसं फुकट आहे, आणि ‘अवाजवी बोजा’ हा आक्षेप त्यामुळे आपोआप हलका होतो.

व्हॉइस टायपिंग हवंच असेल तर दोन हरकती येतील. दोन्हींची उत्तरं मागणीतच लिहून टाका. पहिली आवाजाची. तोंडाजवळ माइक येणाऱ्या हेडसेटवर हलक्या आवाजात बोललं तरी चालतं. हवं तर दिवसातले दोन तास, समजा ११ ते १, रिकाम्या मीटिंग रूममध्ये बसायची तयारी दाखवा. दुसरी हरकत आयटी विभागाकडून येईल आणि ती खोटी नसेल: विंडोज आणि एच दाबून सुरू होणारं व्हॉइस टायपिंग आवाज इंटरनेटवरच्या सर्व्हरला पाठवतं, त्यामुळे ग्राहकांची माहिती बाहेर जाईल अशी भीती असते. विंडोज ११ मधलं ‘व्हॉइस ॲक्सेस’ भाषेची फाइल एकदा उतरवली की संगणकावरच चालतं. हे आधीच लिहिलेलं असेल तर आयटीच्या नकाराला जागा उरत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही एक नजर टाका. ‘रुग्णाला हलकं काम द्यावं’ असं लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी देऊ नका, दुसरी मागा. ते वाक्य सहानुभूतीने लिहिलेलं असतं आणि उलटतं. ‘आमच्याकडे हलकं काम नाही’ म्हणून कंपनी मोकळी होते, आणि तुम्ही मूळ कामाला अपात्र आहात असा कागद तुम्हीच दिलेला ठरतो. चिठ्ठीत काय जमत नाही, किती वेळ जमत नाही आणि कशाने जमतं, एवढंच हवं. उदाहरणार्थ: ‘उजव्या हाताने सलग टायपिंग १० मिनिटांपेक्षा जास्त करू नये, डाव्या हाताची उपकरणं व व्हॉइस टायपिंग उपलब्ध असल्यास पदाची कामं करण्यास सक्षम, फिजिओथेरपी आठवड्यातून दोन वेळा, पुढचे सहा महिने.’ मिनिटं आणि महिने तुमचे डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनचा इतिहास, स्कॅनचे अहवाल, औषधं यांची फाइल एचआरला देण्याचं कारण नाही. प्रमाणपत्र आणि ही चिठ्ठी पुरते.

आता अर्ज. आतापर्यंत सगळं तोंडी झालं आहे, आणि तुमच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीव हीच. उद्या कुणी विचारलं तर कंपनी म्हणेल, ‘त्यांनी काही मागितलंच नव्हतं.’ म्हणून अर्ज ईमेलने, संस्थाप्रमुखाच्या नावाने, म्हणजे व्यवस्थापकीय संचालक किंवा जे कुणी प्रमुख असतील त्यांना. प्रती एचआर प्रमुखांना आणि संपर्क अधिकारी नेमलेला असेल तर त्याला. नुसता एचआरच्या कनिष्ठ माणसाला पाठवलेला अर्ज तिथेच झोपतो, आणि नियम ३ तर ‘प्रमुखा’चं नाव घेतो. मजकूर एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. साधारण असा:

‘विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली वाजवी सोय मिळण्याबाबत, तसेच नियम ३(२) खालील तक्रार.

मी अमुक पदावर अमुक तारखेपासून काम करते. मला ३५ टक्के कायमस्वरूपी अस्थिव्यंग दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. माझ्या पदाची कामं मी पुढील सोयींसह करू शकते: (१) डाव्या बाजूचा न्यूमेरिक कीपॅड व माउस, (२) स्टिकी कीज व व्हॉइस ॲक्सेस वापरण्याची परवानगी, (३) माइक असलेला हेडसेट आणि दिवसातून दोन तास मीटिंग रूम, (४) मंगळवार व शुक्रवारी दीड तास उशिरा हजेरी, तो वेळ त्याच दिवशी संध्याकाळी भरून. या सोयी ४५ दिवस चाचणी म्हणून देऊन नंतर एकत्र आढावा घ्यावा. मी ही मागणी अमुक तारखेला श्री. अमुक यांच्याकडे तोंडी केली होती व ती नाकारण्यात आली. वाजवी सोय नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव असल्याने हा अर्ज तक्रार म्हणूनही स्वीकारावा. सोय शक्य नसल्यास कारणं १५ दिवसांत लेखी कळवावीत. कंपनीच्या समान संधी धोरणाची प्रतही मिळावी.’

त्यातल्या तीन जागांबद्दल सांगायला हवं. ‘तक्रार म्हणूनही स्वीकारावा’ हे वाक्य गाळू नका. नियम ३ तक्रारीवर चालतो, विनंतीवर नाही. नुसती विनंती असेल तर लेखी कारण देण्याचं बंधन अंगावर येत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. आणि पंधरा दिवसांची मुदत तुम्हीच घातलेली आहे. ती नसेल तर उत्तराची वाट पाहण्याला अंत राहत नाही. ४५ दिवसांच्या चाचणीचा प्रस्ताव मी मुद्दाम घातला आहे. कायमची सोय द्यायला कचरणारे साहेब तात्पुरत्या सोयीला सहसा हो म्हणतात, आणि ती चाललेली दिसली की काढून घ्यायला त्यांनाच कारण शोधावं लागतं.

अर्ज पाठवताना प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा. पण कंपनीचे इतर ईमेल, ग्राहकांचे तक्ते, सहकाऱ्यांचे आकडे खासगी पत्त्यावर ढकलू नका. पुरावा गोळा करण्याच्या नादात गोपनीयतेचा भंग केला म्हणून कारवाई ओढवून घेतलेली माणसं कमी नाहीत, आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो. तोंडी संभाषण झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करा: ‘आजच्या भेटीत आपण असं सांगितलंत, माझी समजूत बरोबर आहे ना?’ उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तरी.

पीआयपीकडे वळू. साठ दिवसांचं लक्ष्य अपघाताआधीच्या आकड्यांवर, साध्या कीबोर्डवर, सोयीशिवाय बांधलेलं आहे. वरकरणी सगळ्यांना एकच मापदंड, म्हणून निष्पक्ष. पण तुमच्यापुरता तो तुमच्या हाताचं माप आहे, कामाचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये रवींद्र कुमार धारीवाल यांच्या खटल्यात अशा अप्रत्यक्ष भेदभावाचा विचार केला. तो सीआरपीएफमधला मानसिक दिव्यांगत्वाचा आणि शिस्तभंगाच्या कारवाईचा प्रश्न होता, तुमच्यासारखा खासगी नोकरीचा नव्हे. पण त्यातलं एक तत्त्व उपयोगी आहे. कारवाईमागे दिव्यांगत्व हे एकमेव कारण होतं असं सिद्ध करावं लागत नाही, ते कारणांपैकी एक असलं तरी पुरतं.

पीआयपीवर सही मागितली तर नकार देऊन वाद वाढवू नका. ‘मिळाले. मजकूर मान्य नाही, लेखी उत्तर स्वतंत्रपणे देत आहे’ असं लिहून तारखेसह सही करा. उत्तरात तीन गोष्टी: मागच्या नऊ वर्षांची मूल्यांकनं, अपघातानंतर मागितलेल्या सोयी आणि त्यांना मिळालेला नकार, आणि सोयी मिळेपर्यंत पीआयपीची मुदत थांबवून त्यानंतर नव्याने मोजण्याची मागणी. शिवाय आजपासून स्वतःची नोंद ठेवा: रोज किती नोंदी, किती चुका, कोणत्या कामाला किती वेळ. दोन आठवडे जुन्या पद्धतीने, मग डाव्या कीपॅडवर. मला वाटतं, वेग थोडा कमी आणि चुका बऱ्याच कमी, असं चित्र दिसू शकेल. तसं दिसलं तर पदाचं खरं काम काय, कळा दाबणं की हिशेब बिनचूक ठेवणं, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. आणि आकडे उलटे आले तर? तेही आधी तुम्हालाच कळलेलं बरं. मग वेगळ्या जबाबदारीची, समजा ताळमेळ किंवा तपासणीच्या कामाची मागणी करायला मोकळ्या व्हाल. सोय मिळूनही पदाचं मूळ काम होत नसेल तर खासगी कंपनीने ते पद तुमच्यासाठी राखून ठेवावं, असं हा कायदा सांगत नाही.

बढतीच्या बाबतीत घाई करू नका. ‘माझी बढती डावलली’ असा आरोप करण्याआधी निकष काय होते आणि मी कुठे कमी पडले, एवढंच लेखी विचारा. उत्तरात ‘तब्येत’ किंवा ‘मर्यादा’ असा शब्द आला, तर तो तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त बोलेल.

राजीनाम्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वरचा अर्ज आणि त्याचं उत्तर येण्याआधी देऊ नका. ‘सन्मानाने बाहेर पडणं’ हे शब्द कंपनीला फार सोयीचे असतात. स्वेच्छेचा राजीनामा एकदा मंजूर झाला की तो दबावाखाली दिला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि ते जड असतं. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, पावतीवर ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ असं वाक्य बहुधा छापलेलंच असतं. दोन महिन्यांचा पगार खरं तर त्या वाक्याची किंमत असते. यावर तुम्ही म्हणाल, पण मला आता तिथे राहावंसंच वाटत नाही. तेही समजण्यासारखं आहे, आणि नोकरी सोडणं म्हणजे हार नव्हे. फक्त ती स्वतःच्या वेळेला सोडा. लेखी अर्ज दाखल असलेला माणूस वाटाघाटीला बसतो तेव्हा समोरच्याचा आकडा बदलतो. निघायचंच ठरलं तर पगाराच्या महिन्यांबरोबर हेही मागा: पीआयपीचा उल्लेख नसलेलं अनुभवपत्र, ग्रॅच्युइटीचा हिशेब (नऊ वर्षं झाल्यामुळे तुमचा हक्क आहेच, ती ‘जादा’ म्हणून कुणी दाखवत असेल तर फसू नका) आणि गटविमा संपण्याआधी वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय. आणखी एक, जे बरेच जण विसरतात: कंपनीची ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी होती का? असेल तर कायमस्वरूपी अंशतः अपंगत्वाचा दावा तिथे बसू शकतो, मग अपघात ऑफिसबाहेर झालेला असला तरी. दोन वर्षं झाली आहेत आणि दाव्यांना मुदत असते, म्हणून हे याच आठवड्यात विचारा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर पुढचा दरवाजा कोर्टाचा नाही, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा. तिथे वकील लागत नाही. साध्या कागदावर तुमचं नाव-पत्ता, कंपनीचं नाव-पत्ता, तारखांनिशी घटना, जोडलेली कागदपत्रं आणि नेमकं काय हवं ते लिहायचं. ‘न्याय मिळावा’ एवढंच लिहिलेल्या तक्रारींवर आदेश देणंही कठीण असतं. ‘सोयी क्रमांक १ ते ४ मिळाव्यात, पीआयपी मागे घ्यावा’ असं लिहा. नियमाप्रमाणे तक्रार ६० दिवसांत निकाली निघायला हवी. प्रत्यक्षात लांबू शकते, ही तयारी ठेवा. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, आणि नोकरीवरून काढण्याला तिथे स्थगिती मिळेल असं गृहीत धरू नका. तरी नोटीस पोहोचली की प्रकरण साहेबांच्या टेबलावरून कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर जातं, आणि बरीच प्रकरणं तिथेच मवाळ होतात.

दंडाचं कलमही आहे, ८९: पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत. तो न्यायालय ठोठावतं, आयुक्त नव्हे, आणि त्यातून तुमची खुर्ची परत मिळत नाही. म्हणून त्यावर फार आशा ठेवू नका. कलम ९२ वेगळं आहे: चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं किंवा धमकावणं, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. साहेबांचं ‘बोलत बसलात तर’ हे वाक्य असभ्य आहे, पण या कलमात बसेल असं मला वाटत नाही. हाताची नक्कल करणं, सगळ्यांदेखत हिणवणं असं काही घडत असेल तर गोष्ट बदलते. तसं असल्यास तारीख आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. कलम ९२ ची धमकी पहिल्याच पत्रात घातली की सोयीची चर्चा तिथेच संपते, हेही ध्यानात असू द्या.

काढून टाकलंच, तर कामगार कायद्याची वाट उरते. ती तुम्हाला उघडी आहे की नाही हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं: पगारपत्रकावर ‘असिस्टंट मॅनेजर’ असूनही हाताखाली माणसं नसतील आणि काम नोंदींचंच असेल तर बहुधा उघडी असते. तिथे मुदती कडक असतात, म्हणून बडतर्फीचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच कामगार प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला भेटा.

अशाच प्रश्नाची आणखी काही पत्रं आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीत नियम ३ मधलं लेखी उत्तराचं बंधन नाही, पण कलम ३ आहे आणि आयुक्तांचा दरवाजाही. ज्यांचं दुखणं दिसत नाही, म्हणजे मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसीमिया, हेही कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत. पण कंपनीला माहीत नसलेल्या गोष्टीची सोय तिला देता येत नाही, तेव्हा आजाराचं नाव नाही तरी कामावर होणारा परिणाम कधीतरी सांगावाच लागेल. तो कुणाला, किती आणि कधी सांगायचा हे तुम्ही ठरवा. पीआयपी हातात पडण्याआधी सांगितलेलं जास्त वजनदार ठरतं, एवढं मात्र खरं.

तुमच्या साठ दिवसांतले तीस गेले आहेत. डॉक्टरांची नवी चिठ्ठी मिळायला दोन-तीन दिवस लागतील, कीपॅड तोवर कुणाकडून उसना घेऊन पाहा. अर्ज मात्र चिठ्ठीसाठी थांबवू नका. ‘वैद्यकीय पत्र पुढील आठवड्यात सादर करते’ अशी ओळ घालून तो या सोमवारीच पाठवा.